डालग्याखालची सात पिल्ले

पूर्वी तगर नगरात एक वृद्ध राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका बुरुडाच्या परसात कोंबडा होऊन जन्मला होता. ही गोष्ट घडली तेव्हा तो म्हातारा झाला होता. तुरा एका अंगाला कलला होता, आरवताना दम लागे, आणि कोंबड्यांची भांडणे सोडवून सोडवून तो मनानेही थकला होता.

त्या वर्षी मुंगसाने एक कोंबडी नेली. तिची सात पिल्ले उरली. पिसे फुटेपर्यंत खेमा बुरुडिणीने ती घरात वाढवली. मग परसात आणून बांबूच्या उपड्या डालग्याखाली डालली, आणि कोंबड्यांचे दाणे त्या डालग्याभोवतीच टाकू लागली. बांबूच्या फटींतून पिल्ले कोंबड्यांना पाहत, कोंबड्या पिल्लांना.

"आठ दिवस एकमेकांची तोंडं बघा," ती म्हणे. "मग उघडते."

डालगे उघडल्यावर तांबडी कोंबडी काय करील, हे बोधिसत्त्वाला ठाऊक होते. परसात तांबडी पुढे आणि बाकीच्या तिच्या मागे.

"तांबडे, पिल्लं पोरकी आहेत. टोचू नकोस."

"अहो, टोचल्याशिवाय त्यांना कळणार कसं, कुणी कुठं उभं राहायचं ते? मी आले तेव्हा मला कुणी ओवाळलं होतं का?"

बाकीच्या हसल्या. "म्हातारबा, तुम्ही आपलं आरवायचं बघा. तेही हल्ली ऊन चढल्यावर!"

तो रोज सांगे आणि रोज हेच ऐके. जिला टोचले तीच मोठी होऊन टोचते, आणि सगळे त्याला रीत म्हणतात! किती उन्हाळे त्याने हे पाहिले होते. सहाव्या दिवशी त्याने बोलणेच सोडले.

आठव्या दिवशी सकाळी खेमाने डालगे उचलले, दाणे दोन ठिकाणी टाकले आणि ती बांबू चिरायला आत गेली. सहा पिल्ले दूरच्या दाण्यांकडे पळाली. सातवे लंगडे होते. ते तांबडीच्या पुढ्यातच सापडले. पहिल्याच टोचीला त्याच्या डोक्यातून रक्त आले, आणि रक्त दिसताच साऱ्या कोंबड्या धावल्या.

बोधिसत्त्वाचे पाय जड होते. तरी तो धावला आणि पिल्लावर पंख पसरून बसला. पुढच्या टोची त्याच्या तुऱ्यावर पडल्या. त्याने उलट चोच मारली नाही.

"बाजूला व्हा!" तांबडी ओरडली.

"तुझ्या मानेवर एका जागी पीस उगवत नाही," तो म्हणाला. "ती जखम मला आठवते. तू कुंपणाशी दबून बसली होतीस."

"आणि तुम्ही? तुम्ही कुठं होता तेव्हा?"

"इथेच. दाणे टिपत होतो. म्हटलं, रीतच आहे. तेव्हाच उठायला हवं होतं मी."

तांबडीची उगारलेली चोच तशीच राहिली. मग ती वळून बाकीच्यांवर खेकसली, "बघताय काय? दाणे तिकडे आहेत!" जाताना तिने पायाने माती उकरली. चार दाणे पिल्लापाशी उडाले. मुद्दाम की कसे, ते तिने कधी सांगितले नाही. म्हाताऱ्याला मात्र दुपारपर्यंत उठता आले नाही.

विहारात जुने भिक्षू 'आम्हीही सोसले' म्हणत नव्या भिक्षूंना शेवटी जेवायला बसवीत होते, तेव्हा शास्त्याने, त्यांच्या गुरूने, ही कथा सांगितली. तो म्हणाला, "त्या वेळची तांबडी म्हणजे हा स्थविर सुदंत. लंगडे पिल्लू म्हणजे काल उपाशी निजलेला नवा भिक्षू वप्प. आणि उशिरा उठलेला तो कोंबडा मीच होतो."

 सुदंताने आपले पात्र वप्पापुढे सरकवले.

आपली चूक आपल्याच तोंडाने सांगणे, ही सत्याची परिपूर्णता, सत्य पारमिता.