आंबेपेठेचं न म्हटलेलं भरतवाक्य

आजच्या नाटकाला बसणार असाल, पाहुणे, तर आधीच सांगून ठेवतो. शेवटी पडदा पडला नाही म्हणून दोरीवाल्याला नावं ठेवू नका. आमच्या आंबेपेठेच्या या नाट्यगृहात भरतवाक्य, म्हणजे नाटकाचं शेवटचं पद, कुणीच म्हणत नाही.

फार वर्षांपूर्वी, असं सांगतात, या इमारतीची पार रया गेली होती. गावानेच चिरे वाहून बांधलेली, पण छप्पर गळायचं, वासे वाळवीने खाल्लेले. नगरपालिकेने ती पाडायचं ठरवलं. तिथले मुख्याधिकारी मात्र नाटकवेडे होते म्हणे. ते म्हणाले, "शेवटचा एक प्रयोग करून घ्या. तो संपेपर्यंत कुणी हात लावणार नाही, हा माझा शब्द."

त्या प्रयोगात नायिका होत्या वत्सलाबाई बांदकर, याच रंगमंचावर वाढलेल्या. नाटक शेवटाला आलं, ऑर्गनवाल्याने सूर धरला, नट हात जोडून उभे राहिले आणि बाई गाईनात. पुढे येऊन समोर बसलेल्या मुख्याधिकाऱ्यांना म्हणाल्या, "साहेब, प्रयोग संपलेला नाही. हे पद छप्पर नीट झाल्यावर इथेच म्हणेन. तोवर कुठेही म्हणणार नाही."

साहेब तसेच उठून गेले. त्यांनी शब्द पाळला आणि इमारत वाचली.

इथवर सांगायला छाती फुगते. पुढचं सांगताना लाज वाटते. छप्पर आता गावानेच करायचं होतं, पण संकट टळलं तसं गाव निवांत झालं. शिमगा होऊ दे, पाऊस जाऊ दे, असं करत वर्षं गेली. बाई मात्र शपथेला चिकटून राहिल्या. बाहेरच्या प्रयोगातही भरतवाक्याआधी विंगेत निघून जायच्या. अपुरं नाटक कुणाला हवं? हळूहळू बोलावणी थांबली. मग दारात बसून बाजारातून येणाऱ्याला विचारायच्या, "कौलां इली काय रे?"

"येतली गो बाय," म्हणून माणूस पुढे जायचा.

कौलं आली ती बाई गेल्यावर. तेव्हा मात्र सगळं गाव कामाला लोटलं आणि पावसाच्या आत छप्पर झालंसुद्धा. इतकं सोपं होतं ते.

उद्घाटनाच्या नाटकात ऑर्गनवाल्याने शेवटी सवयीने बाईंच्याच पट्टीत सूर धरला. पद सगळ्यांना पाठ होतं, पण म्हणायला कुणाची जीभ रेटेना.

आजही तो सूर धरतात आणि आम्ही उभे राहतो. तो थांबला की टाळ्या तुम्ही वाजवा, तुम्ही पाहुणे आहात. गावातलं कुणी वाजवत नाही.