अहोची खिंड

घाट उतरायच्या आधी जिथे रस्ता अरुंद होतो आणि डाव्या हाताला एकदम कोकण दिसायला लागतं, ती अहोची खिंड. अलीकडच्या माळावर आता पांढरे तंबू लागलेत. आत पलंग, गाद्या, पंखा, न्हाणीसुद्धा. नावाला तेवढा तंबू. तुमच्यासारखी मंडळी मोटारी भरभरून येतात, त्यात झोपतात, सकाळी कड्याशी फोटो काढतात. काढा बापडे. पण या खिंडीत गाडी थांबवून बायका का उतरतात आणि दरीकडे तोंड करून नवऱ्याचं नाव का घेतात, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नाही ती.

फार जुनं सांगतात. तेव्हा डांबर नव्हतं, बैलगाड्यांची वाट होती. घाटावरच्या एका गावातले चार भाऊ बायकापोरांसह कोकणात कुलदेवाला निघाले होते. थोरला धोंडी, त्याची बायको येसू. म्हातारी आई तेवढी दुभत्या जनावरांसाठी घरी राहिली. मंडळी मोठी हौशी. वाटेत जे म्हणून नवल असेल तिथे गाड्या थांबल्याच पाहिजेत. एका खडकाला कान लावला की आत पाणी वाहताना ऐकू येतं म्हणे, तिथे सगळ्यांनी कान लावले. एका विहिरीत वाकून हसलं की विहीरही हसते, तिथे पोरं घसा बसेपर्यंत हसली. दिवस कलला की राहुट्या ठोकायच्या आणि तीन दगडांची चूल मांडायची. तेव्हाचे तंबू ते, पंखा वाऱ्याचा.

येसूला सगळ्याची हौस, पण एका बाबतीत ती फार जपून. नवऱ्याचं नाव तिच्या तोंडून कधी गेलं नाही. नावच काय, नावासारखा शब्दही नाही. दगडाला ती धोंडा म्हणायची नाही. धोंड्याचा महिना आला की 'वाढीव महिना' म्हणायची, आणि जावा तिला चिडवायच्या. यामागे लाज नव्हती, भीती होती. बायकोनं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य तुटतं, असं तेव्हा मानत. तिच्या सख्ख्या बहिणीनं भांडणात एकदा नवऱ्याला नावानं हाक मारली, आणि वर्षाच्या आत तो पटकीनं गेला. सगळ्या गावानं तिलाच बोल लावला. ती पोर पुढे कुणाशी धड बोललीच नाही. येसूनं हे डोळ्यांनी पाहिलेलं.

तर इथेच माथ्यावर राहुट्या पडल्या. सकाळी उठून बघतात तो धोंडीचा बैल दावं तोडून गेलेला. धोंडी शोधायला निघाला, मागोमाग तिघे भाऊ चहूकडे पांगले. बैलाच्या गळ्यात मोठी घंटा होती, तिच्या आवाजावर जायचं, एवढंच. आणि तेवढ्यात कोकणातून धुकं वर आलं. इकडचं धुकं ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको. हात लांब केला तर आपलाच पंजा दिसत नाही.

येसू गाडीपाशी उभी होती. धुक्यातून घंटा वाजत आली आणि बैल आपल्या पायानं येऊन तिच्याजवळ उभा राहिला. तिला हायसं वाटलं. इतक्यात लांबून धोंडीचा आवाज आला, "सापडला, म्होरंच हाय." येसूला कळेना. बैल तर इथे. मग बैलानं मान हलवली, घंटा वाजली, आणि जरा वेळानं तीच घंटा दरीपलीकडच्या कड्यातून वाजली. नवरा त्या पलीकडच्या आवाजामागे चालला होता, आणि मधे जमीन नव्हती.

तिनं घंटा मुठीत गच्च दाबली आणि जीव खाऊन ओरडली, "अहो, माघारी या!"

"ओ, आलो," उत्तर आलं, पण ते एका दिराचं. "ओ," डावीकडून धाकटा. तिचं ओरडणं ऐकून जावांचंही धाबं दणाणलं, त्याही 'अहो, अहो' करायला लागल्या. सगळ्यांचेच नवरे अहो. थोरल्या दिराचं नाव जावांनाही वर्ज्य, आणि भावजी म्हणावं तर तिथे भावजी सगळेच. पोरं 'आबा, काका' करून रडू लागली. आबाही चार अन् काकाही चार. बैल हितं हाय, असंही येसूनं ओरडून पाहिलं, पण त्या कालव्यात शब्द कुठले कळायला. दरीभर नुसतं 'अहो, अहो'.

घंटा थांबली म्हणून धोंडीला वाटलं, बैल उभा राहिला. "गप झालाय आता, धरतोच," तो म्हणाला. त्याचा आवाज आधीपेक्षा लांबून आला.

येसूला बहीण आठवली. नाव घेतलं तर याचं आयुष्य तुटणार. नाही घेतलं तर आत्ता, या घटकेला संपणार. तुटेल तेवढं माझ्यातून भरून घे, असं तिनं देवाला सांगितलं म्हणे. आणि हाक मारली.

"धोंडी! अरे धोंडी, थांब तिथंच!"

जावांच्या तोंडातला अहो तोंडातच राहिला. पोरंही गप्प. त्या शांततेत ते एकच नाव कड्याला लागून परत आलं.

धोंडी जागच्या जागी थांबला. त्याला असं अरेतुरेत बोलावणारं एकच माणूस होतं, त्याची आई, आणि ती तर घरी. आईला काय झालं, म्हणून तो मागे वळला. "आई?" त्यानं विचारलं.

"आई न्हाई, मी हाय," येसू रडत म्हणाली. "खाली बस. धुकं जाईस्तोवर हलू नको."

तो बसला. ऊन चढलं, धुकं विरलं, तेव्हा दिसलं की तो बसलाय त्या गवताच्या पुढे काही नाही.

येसूनं मात्र धास्ती घेतली ती घेतलीच. त्याला साधा खोकला आला तरी ती देवापाशी जाऊन बसायची. धोंडी काही लवकर गेला नाही. दात पडले, कंबर वाकली, तरी दर साली तो तिला गाडीत घालून इथे आणायचा आणि म्हणायचा, "घे नाव. त्यावरच तगलोय." ती नाव घ्यायची, तो ओ द्यायचा. घरी गेल्यावर पुन्हा अहो.

शेवटी तो गेला. त्या साली येसू दिरांबरोबर आली. "वयनी, आता कशाला?" दीर म्हणाले. ती उतरली आणि तिनं हाक मारली. हाक परत आली. ती तशीच उभी राहिली. कुणाला बघवेना. मग धाकट्या दिरानं मान खाली घालून ओ दिली, मग दुसऱ्यानं, मग गाडीतल्या सगळ्यांनी.

आजही गाड्या थांबतात. हल्लीच्या पोरी घरीदारी नवऱ्याला नावानंच बोलावतात, त्या हसत हसत हाक मारतात, नवरे ओ देतात, आणि मंडळी वाटेला लागतात. उखाणा चालत नाही, साधं नाव. पण एखादी बाई एकटीच उतरली आणि तिच्या हाकेला ओ आली नाही, तर इथे उभ्या असलेल्यांनी गप्प राहायचं नसतं. मग ओळख असो नसो. तुमच्या मागच्या गाडीतून त्या आजी उतरताहेत बघा. तो चहा जरा खाली ठेवा.