सासरेकातळ

या कातळाची खरी गोष्ट अख्ख्या किनाऱ्यावर मला एकट्यालाच ठाऊक आहे. म्हणजे, आमच्या वायंगबंदरात ती शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण बाकीच्यांना कामं असतात आणि मला नसतात. चौथीनंतर शाळेला माझा कंटाळा आला, तेव्हा सन-सनावळी विचारू नका. बसा. गाडीतून उतरताना तुमच्यातल्या प्रत्येकाने कंबरेवर हात ठेवला, ते मी पाहिलंय. योग्य जागी आलात.

सातेरीच्या देवळामागे, उंडीच्या झाडाखाली हा काळा सपाट दगड आहे, हा सासरेकातळ. मधोमध माणूस पालथा मावेल एवढा खोलगा आहे. शहाणे म्हणतात, पाण्याने झिजला. आम्ही म्हणतो, सासऱ्यांनी झिजवला. नारळी पुनवेच्या आदल्या दिवशी गावातले सासरे इथे पाळीपाळीने पालथे पडतात आणि त्यांच्या सुना त्यांच्या पाठीवर उभ्या राहतात. तोंडं अशी करू नका. घरी जाऊन सुनेला सांगायची हिंमत होणार नाही तुम्हाला, पण ऐकायला काय जातंय?

फार पूर्वी, होड्यांना इंजिनं नव्हती तेव्हा, इथे रवळू तांडेल होता. तांडेल होडीचा मुख्य असतो; रवळू सगळ्या गावच्याच होड्यांचा मुख्य. एका वर्षी तुफानात गावची माणसं बुडाली, तेव्हा त्याने सातेरीसमोर शब्द दिला म्हणे, की यापुढे पावसाळा सरताना मी स्वतः कंबरभर पाण्यात उभा राहून दर्याला नारळ देईन, आणि तोवर गावची एक होडी पाण्यात जाणार नाही. नवस चांगलाच होता. फक्त बोलताना त्याने स्वतःच्या कंबरेला विचारलं नव्हतं.

पुढे एकदा मिरगाच्या तोंडावर होड्या वाळूत वर ओढताना, माणसं गोळा होईपर्यंत थांबायचं सोडून याने एकट्यानेच खांदा लावला. पाठीत असा चमका आला की रवळू कोयत्यासारखा वाकला, तो वाकलेलाच राहिला. वैद्याने पाहिलं, हाड मोडलेलं नाही म्हणाला, लेप लावले, शेक दिले. त्याने ठणका उतरला. पण पाठ उन्हात सुकलेल्या दोरासारखी आखडली ती आखडलेलीच. धड झोप नाही, दोन माणसांच्या आधाराशिवाय उठणं नाही.

आषाढ सरला, श्रावण लागला. घराघरातलं सुकं म्हावरं संपलं, तांदळाच्या कणग्या तळाला गेल्या. गुरवाने देवीला कौल लावला, की दुसऱ्या कुणी नारळ दिला तर चालेल का. पाकळी डावीकडून पडली. म्हणजे नाही. गाव रवळूच्या पायांकडे बघत बसला, आणि रवळू आढ्याकडे. माझ्या शब्दाने माझाच गाव उपाशी मरणार, एवढंच तो म्हणे.

त्याच पावसाळ्याआधी स्यामकडचं, म्हणजे आताच्या थायलंडचं, एक गलबत आमच्या खडपावर आपटून फुटलं होतं. गावाने माणसं वाचवली, पेज पाजली. बाकीचे खुष्कीने मोठ्या बंदराकडे गेले. पायाला लागलेला एक म्हातारा तेवढा मागे राहिला. त्याचं नाव चान असं सांगतात. खरं नाव लांबलचक असेल, पण आमच्या लोकांना तेवढंच पाठ झालं. तो रवळूच्या मांगरात, जाळी ठेवायच्या खोपटात, राहायचा आणि रवळूची सून आवडी त्याला जेवण नेऊन द्यायची.

एक दिवस चान लंगडत रवळूच्या ओटीवर आला. पालथ्या पडलेल्या तांडेलाला त्याने हात जोडले, डोळे मिटून काहीतरी पुटपुटला, आणि सरळ त्याच्या मांडीवर पाय ठेवला.

आता तुम्हीच सांगा, आपल्यात चुकून कुणाला पाय लागला तरी आपण वाकून नमस्कार करतो. इथे परका माणूस तांडेलाला पाय लावतो, तोही आधी हात जोडून, म्हणजे थट्टा करून. लोकांनी वल्ही उचलली. म्हातारा कसाबसा मांगरात परतला. त्याच्या मुलखातही पाय हीनच मानतात, आणि म्हणूनच तो आधी क्षमा मागून गुरूचं स्मरण करत होता, हे कुणाला कळावं?

आवडीला कळलं. ती जेवण घेऊन गेली, तेव्हा चानने जाळ्यांची गुंडाळी जमिनीवर पसरली आणि तिला विद्या दाखवली. तेल नाही, अंगावरचे कपडे अंगावरच. सुरुवात तळपायापासून, अंगठ्याने दाबत वर. मग पोटऱ्या, मांड्या. मणक्यावर कधीच पाय द्यायचा नाही, त्याच्या दोन्ही बाजूंनी द्यायचा. खालचा माणूस श्वास सोडेल तेव्हाच भार टाकायचा. शेवटी हातपाय असे ताणायचे, जसा शिडाचा दोर ताणतात. ही विद्या जीवक नावाच्या वैद्याची, बुद्धाच्या काळातली, आणि तो वैद्य तुमच्याच मुलखाचा, असं चान खुणांनी आणि मोडक्यातोडक्या शब्दांनी सांगे म्हणे. म्हणजे आमचीच वस्तू दर्या ओलांडून आम्हाला परत करायला आला होता, आणि आम्ही वल्ही उचलली.

घरी येऊन आवडीने विचारलं, चानचा पाय तर दुखरा, मग पाठीवर कोण चढेल, तेव्हा सासू म्हणाली, नवऱ्याच्या पाठीवर पाय देऊन मला नरकात जायचं नाही. मुलगा म्हणाला, मी चढलो तर बाबा उरायचे नाहीत; त्याचं वजन बघता ते खरंच होतं. गावाने पाप-पुण्याचा विचार केला आणि प्रत्येकाला दुसऱ्याचं नाव सुचलं. तेव्हा आवडी रवळूच्या उशाशी बसली आणि म्हणाली,

"मामंजी, पाप लागूंदे माज्या पायाक. तुमचो पाय तेवढो जमनीक लागूंदे."

रवळूने डोळे मिटले आणि होकाराची मान हलवली.

बाज मध्ये झुकते, म्हणून त्याला या कातळावर आणून, चटई घालून पालथं निजवलं. चान समोर जाळ्यांच्या गुंडाळीवर करून दाखवी, तसं आवडी करी. तळपाय झाले, पोटऱ्या झाल्या. मग ती उंडीची फांदी धरून, निम्मा भार हातांवर ठेवून, पाठीवर चढली. सगळा गाव श्वास रोखून उभा होता. एकटा रवळूच श्वास घेत होता, कारण त्याला तसं सांगितलं होतं. मध्येच पाठीतून 'कट्' असा आवाज झाला. रवळू एकदम ढिला पडला, हलेना. सासूने तिथेच टाहो फोडला. मुलगा धावला. गुरवाने नाकाशी हात धरला, आणि तेवढ्यात रवळू घोरायला लागला.

मिरगापासून त्याला अशी झोप आली नव्हती. टाहो फोडणारी सासू डोळे पुसत हसायला लागली, तिच्यामागे सगळा गाव. उन्हं कलली तेव्हा रवळू जागा झाला, कुशीवर वळला, स्वतःचा स्वतः, आणि त्याने पेज मागितली.

एका दिवसात चमत्कार झाला असं मी सांगणार नाही; थापा मी दुसऱ्या गोष्टींबद्दल मारतो. आवडी रोज सकाळी चढत राहिली आणि पाठ थोडी थोडी उलगडत गेली. पुनवेला रवळू आपल्या पायांनी वाळू तुडवत गेला, कंबरभर पाण्यात ताठ उभा राहिला आणि नारळ दिला. त्या दिवशी होड्या सुटल्या, आणि संध्याकाळी वायंगबंदरात घराघरातून कालवणाचा वास आला म्हणे.

पाण्यातून बाहेर येऊन रवळू आधी चानच्या पाया पडला. मग तो सुनेकडे वळला, तर ती पळाली. तेव्हा त्याने इथे येऊन या कातळावर डोकं टेकलं आणि सांगितलं, की इथे सासऱ्याच्या पाठीवर पडलेल्या सुनेच्या पायाला पाप नाही. चान पुढच्या गलबताने आपल्या मुलखात गेला.

आजही होड्या सुटायच्या आदल्या दिवशी इथे सुना आधी हात जोडतात, चानचं आणि त्याच्या गुरूचं नाव घेतात, आणि मगच पाय देतात. सून उतरली की सासरा कातळाला डोकं टेकतो. हाड मोडलं, ताप आला तर आम्हीही डॉक्टरकडेच जातो. पण आखडलेली पाठ, जड झालेले पाय, रुसलेली झोप, यांना कातळाचा गुण येतो. निदान त्या रात्री तरी गावात सासरे-सुनांची भांडणं होत नाहीत, कारण सासरे झोपलेले असतात.

तुमच्यासाठी सरबत घेऊन आली ती माझी सून, शेवंती. इतरांच्या सुना पटकन उरकतात. ही मात्र माझ्या पाठीवर सगळ्यांत जास्त वेळ उभी राहते. सासऱ्यावरची भक्ती म्हणतात ती ही, असं मी पाहुण्यांना नेहमी सांगतो. आत्ताही सांगितलं. तिने पेले खाली ठेवले आणि म्हणाली,

"भक्ती खयची, मामंजी? एकदा वर चढलंय की खाली उतरूक मन होना नाय."