आचाऱ्याचा हात आणि डाळिंबाच्या साली

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नावही आता कुणाला आठवत नाही. तिथल्या आचाऱ्याचा तोरा मात्र लोक अजून सांगतात.

हा आचारी राजाच्या मुदपाकखान्याचा प्रमुख. हाताला चव अशी, की साध्या वरणाला फोडणी दिली तरी दारातला हत्ती सोंड वर करी. पण ताठाही तेवढाच! राजाला डाळिंबं आवडत, म्हणून रोज टोपलीभर सोलली जात आणि साली मागच्या उकिरड्यावर पडत. गावातली एक म्हातारी रंगारीण त्या वेचून न्यायची, वाळवायची आणि उकळून त्या पाण्यात कापड पिवळं रंगवायची.

एक दिवस आचाऱ्यानं तिला अडवलं. "राजाचं ते उकिरड्यावर गेलं तरी राजाचंच! उद्यापासून साली मातीत पुरायच्या."

"बरं बाबा," म्हणून म्हातारी घरी गेली. अशा माणसाशी कोण वाद घालणार?

महिनाभरातच आचाऱ्याला विळी लागली. जखम एवढीशी, पण ती चिघळली. पू धरला, तळवा टम्म सुजला. राजवैद्यानं महागामोलाचे लेप लावून पाहिले आणि शेवटी सांगितलं, "तीन दिवसांत उतार पडला नाही, तर हात मनगटापासून काढावा लागेल." ज्याचं सगळं नाव त्या हातावर, तो गडी चुलीपुढे बसून ढसाढसा रडला.

बातमी ऐकून रंगारीण आपणहून आली. पदरात वाळक्या साली होत्या.

"हे माझे हात बघ," ती म्हणाली. "रोज कुठे ना कुठे कापतं, सोलवटतं. पण सालींच्या पाण्यात बुडतात, म्हणून कधी चिघळले नाहीत. एवढ्याच उरल्यात माझ्याकडे. बाकीच्या तू पुरल्यास."

आचाऱ्याची मान खाली गेली. "शेवटच्या साली मला देतेस? मग कापड कशात रंगवशील?"

"कापड पांढरं राहिलं म्हणून कुणी मरत नाही. तू आधी पाणी उकळायला ठेव."

"आता कचऱ्याचा काढा!" वैद्य हसला. पण त्याच्याकडे तरी दुसरं काय होतं? म्हातारीनं काढा गाळला, निवू दिला आणि त्याच पाण्यानं जखम सकाळ-संध्याकाळ धुतली. दुसऱ्या दिवशी पू आटला. तिसऱ्या सकाळी वैद्यानं तळवा चेपून पाहिला, पुन्हा पाहिला, आणि आपली सुरी पेटीत ठेवली.

"हात राहिला!" मुदपाकखान्यात एकच ओरडा झाला. किती दिवसांनी सगळ्यांनी मोकळा श्वास घेतला! आचारी म्हातारीच्या पाया पडायला वाकला, तर ती म्हणाली, "पाया नंतर पड, आधी राजाला जेवायला घाल. तीन दिवस कच्चं खातोय बिचारा."

तेव्हापासून राजवाड्याच्या गच्चीवर साली वाळू लागल्या. अर्धा वाटा वैद्याकडे जाई. उरलेली टोपली आचारी स्वतः डोक्यावर घेऊन रंगारणीच्या दारात पोचवी, आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नसे.

तात्पर्य: एखादी वस्तू फेकण्याआधी, ती वेचणाऱ्याला तिचा गुण विचारावा.