झाकणावरचं प्लास्टिक

एका बागेत गवत कापायचं यंत्र होतं. धूळ जाऊ नये म्हणून गेनू माळ्याने मायेने त्याच्या पेट्रोलच्या झाकणावर प्लास्टिक घट्ट बांधलं. त्या प्लास्टिकने झाकणाचं हवेचं भोक बुजलं. यंत्र सुरू व्हायचं आणि थोड्याच वेळात बंद पडायचं.

"काय रे, दोन ढेकरांत दमलास?" शेजारी टांगलेला विळा हसला. "उद्या भंगारवाला येतोय."

"येऊ दे. श्वास कोंडून मी चालणार नाही!"

गेनूने पेट्रोल बघायला प्लास्टिक सोडून झाकण उघडलं. सुस्स करून हवा आत गेली. दोरी ओढताच यंत्र गरजलं. त्याने पुन्हा प्लास्टिक बांधलं, तसं यंत्र थोड्याच वेळात हट्टाने थांबलं.

"असं होय, बाबा!" गेनूने प्लास्टिक काढलं आणि विळ्यालाच गुंडाळलं.

"आता बोल," धडधडत यंत्र म्हणालं.