लाकडी हाताची नाडी

फार फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी की त्या राज्यातल्या राजाचं नावही आता कुणाला आठवत नाही. तिथे डोंगरापलीकडच्या एका गावात वैद्य नव्हता. माणसं साध्या तापानंही दगावत. शेवटी गावानं आपल्यातल्या एका हुशार मुलीला वैद्यराजांच्या आश्रमात धाडलं. "शिकून लवकर परत ये गं बाई," एवढंच सगळे म्हणाले. ते तिच्या मनात घट्ट बसलं.

मुलगी अभ्यासाला अशी भिडली की विचारू नका. पोथी उशाशी, पोथी पानाशी. एकेकाळी ती सागरगोट्यांत कुणाला हार जात नसे. आता ते गोटे कोनाड्यात धूळ खात पडले.

थोरले शिष्य सांगायचे, "कष्टाशिवाय विद्या नाही." स्वयंपाकीण मावशी म्हणायच्या, "आधी पोटोबा, मग विठोबा. दोन घास खा बघू." कुणाचं खरं मानावं, तिला कळेना. मग ती दोघांचंही ऐकून घ्यायची आणि पुन्हा पोथी उघडायची.

अशात एक नवंच कोडं पडलं. काटा रुतलेला धनगर येवो की खोकणारी कुंभारीण, तिच्या बोटांखाली प्रत्येकाची नाडी सारखीच धावायची. 'साऱ्या राज्याला एकच रोग कसा झाला?' ती चक्रावून गेली. तिनं पोथी पुन्हा पहिल्यापासून वाचली. गोंधळ आणखी वाढला. वैद्यराज हे सारं पाहत होते.

परीक्षेचा दिवस आला. त्या राज्यात राणीवशातल्या बायकांची नाडी पडद्याआडून, मनगटावर रेशमी कापड घालून बघायची रीत होती. म्हणून परीक्षाही तशीच व्हायची. पडद्याखालून कापडात गुंडाळलेला हात पुढे आला. मुलीनं तीन बोटं टेकवली.

"गुरुजी, नाडी फार धावतेय. रोगी कित्येक दिवस नीट झोपलेला नाही. पोट रिकामं आहे, मन काळजीनं पोखरलंय. असंच चाललं तर अंथरूण धरेल."

वैद्यराजांनी कापड काढलं. हात लाकडाचा होता, सुताराकडून घडवून घेतलेला.

शिष्य खो खो हसले. मुलीला काही उमगेना. "पण गुरुजी, नाडी होती! मी मोजली."

"होती ना, तुझ्याच बोटांतली. निदान अचूक आहे पोरी, फक्त रोगी कोण ते चुकलं."

"मग आता गावाला काय सांगू?" तिला रडू फुटलं.

"सांग, वैद्यच आजारी आहे, एक वर्ष थांबा."

त्यांनी औषध सांगितलं: दोन वेळचं जेवण, दिवेलागणीनंतर पोथी बंद, रोज सागरगोट्यांचा एक डाव. तिला वाटलं, गुरुजी थट्टाच करताहेत. पण गुरूची आज्ञा मोडायची कशी?

त्या वर्षी गावात दोन माणसं तापानं गेली. ते कळलं तेव्हा ती दिवसभर रडली. संध्याकाळी मात्र मावशींनी वाढलेलं मुकाट्यानं जेवली.

पुढच्या परीक्षेत पुन्हा कापडातला हात पुढे आला. तिनं बोटं टेकवली आणि बराच वेळ थांबली.

"गुरुजी, इथे काहीच लागत नाही. याला वैद्य नको, सुतार पुरे."

दुसऱ्या दिवशी ती गावाकडे निघाली. बोचक्यात पोथी होती आणि सागरगोटेही होते.

तात्पर्य: दुसऱ्याचं दुखणं ओळखायचं, तर आधी आपली नाडी शांत हवी.