घरच्यांचे कसले आभार

ऐका हो बायांनो, आभाराच्या वशाची कहाणी. आटपाट गाव होतं, गावात देऊळ होतं, देवळावर क्रूस होता. मागच्या बाकावरच्या, कुजबुज पुरे करा गं. कहाणी तुमचीच आहे.

त्या गावात एका घरी दोघी जावा होत्या. थोरली तबीथा, धाकटी सलोमी. थोरली कमी बोलायची. धाकटी बोलकी, देवळात प्रार्थनेला पहिला आवाज तिचा. "देवा, तुझं राज्य येवो," म्हणायची.

एके दिवशी काय झालं? सलोमीच्या अंगभर फोड आले. मग शेजारीण यायची थांबली. मग नणंद यायची थांबली. मग जन्मदाती आई आली, ती उंबऱ्याबाहेर डबा ठेवून गेली. आत गेली एकटी तबीथा. सकाळी कडुलिंबाच्या पाण्यानं अंग धुवी, दुपारी पेज भरवी, संध्याकाळी चिंध्या उकळी. सलोमी म्हणाली, "देवा, मला बरी कर. मी तुझा वसा घेईन. ज्या हातांनी बरी होईन ते डोळ्यांना लावीन, तोंडानं आभार मानीन, मगच घास घेईन. उतणार नाही, मातणार नाही."

चाळीस दिवसांनी खपल्या गळल्या. मग सलोमी न्हाली, नवं लुगडं नेसली, देवळात उभी राहून, देवानं बरी केली अशी मोठी साक्ष दिली. लोकांचे डोळे भरून आले. मग घरी आली. तबीथानं ताट वाढलं होतं. तिचे हात कडुलिंबाच्या पाण्यानं चिरले होते. सलोमीच्या ओठांवर शब्द आला. मग म्हणाली मनात, "इश्श! घरच्यांचे कसले आभार? परकं केल्यासारखं व्हायचं." आणि घास घेतला. हसू नका गं, तुमच्या घरी तरी कोण म्हणतं?

मग सलोमीच्या नवऱ्याची बदली झाली. निघताना तबीथानं शिदोरी दिली. सलोमी म्हणाली, "पत्रात लिहीन." मग पत्र लिहिलं, "आम्ही खुशाल आहोत, लोणचं पाठवा." लोणचं आलं, बरणी रिकामी झाली, आभार काही गेले नाहीत. अशी बारा वर्षं गेली.

एकदा ती पाळकबाबांना म्हणाली, "बाबा, जन्मभर राज्य येवो म्हणते. मला कधी दिसलं नाही."

"बाई, दुखण्यातून तुला कुणी उठवलं?"

"देवानं."

"हात कुणाचे होते?"

"जावेचे."

"म्हणजे राज्य तुझ्या उशाशी बसून पेज भरवत होतं. तिला काय म्हणालीस?"

"घरच्यांचे कसले आभार, बाबा?"

पाळकबाबांनी बायबल उघडलं. मग म्हणाले, "प्रभूनं दहा महारोगी बरे केले. आभार मानायला मागं फिरला एकच, आणि तो परका होता. नऊजण घरचेच होते, बाई."

 सलोमी तशीच उठली, मिळेल ती एसटी धरली. वाटभर घोकत गेली, "जाऊबाई, तुमचे आभार. जाऊबाई, तुमचे आभार. जाऊबाई, तुमचे आभार." दारी आली, तर अंगणात चपलाच चपला. माणसं नुकतीच कबरस्तानातून परतली होती.

तबीथाची लेक शुलमिथ पुढं आली. म्हणाली, "काकी, कालच यायचं होतंत."

"अगं, तुझ्या आईचे आभार मानायचे राहिले गं!"

"आभार? आई तर रोज ताटावर बसली की तुमचंच नाव घ्यायची. 'देवा, सगळ्यांनी टाकलेली सलोमी माझ्या हातून जेवली. तिची सेवा मला दिलीस, तुझे आभार.' बारा वर्षांत एक दिवस चुकला नाही."

 वसा घेतला हिनं, पाळला तिनं. मग सलोमी ढसाढसा रडली, देवाची माफी मागितली. देवानं केली असेल माफ, तो करतो. पण तबीथाच्या कानांवर तो शब्द पडला नाही, तो नाहीच.

तबीथाला राज्य ओळखू आलं, तसं तुम्हां-आम्हां येवो. सलोमीला झाला तसा उशीर कुणाला न होवो. साठां उत्तरांची म्हणतात, पण ही कहाणी एकाच उत्तराची होती, आणि तेच द्यायचं राहून गेलं. म्हणून मला हिला सुफळ म्हणवत नाही. उठा, घरी जा. चुलीपाशी जी असेल, तिला आजच म्हणा. मग संपूर्ण.